मालूताईचा वाफा

इंदूरहून फोन येणार नव्हता, मलाच करायचा होता. सुनंदा, माझी भाची, हॉस्पिटलसमोरच्या पीसीओवर चार वाजता येऊन उभी राहायची आणि मी इथे उज्जैनच्या टावर चौकातून तो नंबर फिरवायचा, असं आमचं ठरलेलं होतं. पाच दिवस तसंच चाललं होतं. शनिवारी शाळा अर्धा दिवस, म्हणून मी पावणेचारलाच जाऊन रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढचे गृहस्थ कुणाला तरी सोयाबीनचे भाव ओरडून सांगत होते. माझी पाळी आली, घंटी एकदाच वाजली आणि सुनंदा म्हणाली, "मामा, आई गेली." सोमवारी ऑपरेशन होणार होतं. रविवारी जिजाजींना घेऊन मी जाणार होतो... मी काहीतरी विचारलं असेन, तिने काहीतरी सांगितलं असेल. मला आठवतं ते एवढंच, की रिसीव्हर ठेवल्यावर पहिला विचार ताईचा आला नाही. पहिला विचार आला तो, आता जिजाजींना हे सांगायचं कसं आणि सांगितल्यावर त्यांना एकटं सोडायचं कसं. बहीण गेली आणि मला काळजी तिच्या नवऱ्याची. याची मला आजही लाज वाटते. पण गेली पाच वर्षं आमच्या घरात सगळ्यांचा पहिला विचार जिजाजींचाच असायचा, आणि ती सवय ताईनेच आम्हाला लावली होती.

उज्जैनच्या आम्हा मराठी लोकांत बहिणीच्या नवऱ्याला जिजाजीच म्हणतात. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना याचं हसू येतं, येऊ दे. जिजाजी इथल्या एका कापड मिलमध्ये रंगखात्याचे मास्तर होते. सव्वीस वर्षं. किती कापडाला किती रंग, किती मीठ, पाणी किती गरम, हे त्यांना कागद न बघता यायचं. भैरवगढचे छपाईवाले हातात चिंधी घेऊन त्यांच्याकडे यायचे, लाल रंग का चढत नाही म्हणून विचारायचे, आणि जिजाजी ती चिंधी उजेडात धरून दोन शब्दांत सांगायचे. मग ते दिवस आले, टीव्हीवर रोज नव्या कंपन्या, नव्या गाड्या, देश कसा आता धावणार याच्या गोष्टी. आमची मिल मात्र बंद पडली. तीन महिने जिजाजी रोज जेवणाचा डबा घेऊन गेटपर्यंत जात राहिले. एके दिवशी अकरा वाजताच परत आले, डबा ओट्यावर ठेवला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

दारू नाही, आदळआपट नाही, कुणाला शिव्या नाहीत. नुसते पडून. ताटात वाढलं तर दोन घास, नाही वाढलं तर तेही नाही. डॉक्टर आले, टॉनिक लिहून दिलं, "टेन्शन है" म्हणाले आणि गेले. तेवढं तर आम्हालाही कळत होतं. मिलच्या क्वार्टर्समध्ये त्या वर्षी दोघांनी स्वतःचं बरंवाईट करून घेतलं होतं, त्यातला एक जिजाजींच्या हाताखालचा. ते कळलं त्या दिवसापासून ताईने न्हाणीचं दार लावून आंघोळ करणं सोडलं. देवळात जाणं सोडलं. बाजारात जायचं तर माझ्या बायकोला बोलावून घरात बसवायची. मी एकदा वैतागून म्हटलं, ताई, असं किती दिवस करशील? ती म्हणाली, "जितके दिवस करावं लागेल तितके." माझी बहीण गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. तिचा आवाज मोठा, हात त्याहून जड, पत्त्यांत सर्रास खोटं खेळायची आणि पकडलं तर पत्ते फेकून उठायची. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

क्वार्टरच्या मागे दहा-बारा फुटांचा एक तुकडा होता. तिथे क्वार्टर्सची सगळी लाइन कोळशाची राख आणि फुटकी भांडी टाकायची. दसऱ्याच्या आधी एका रविवारी मी गेलो तर ताई तिथे बसून पोळीच्या उलथण्याने जमीन उकरत होती. भाजी लावणार म्हणे. आमच्या बापजन्मात कुणी भाजी लावली नव्हती. आम्ही लहानाचे मोठे झालो ते वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, तिथे एक तुळस होती, तीही आई गेल्यावर वाळली. मी हसलो. ती म्हणाली, हस, पण आधी एक खुरपी आणून दे. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, "वशा, त्या माणसाला काहीतरी वाढताना दिसलं पाहिजे रे. मला दुसरं काही सुचत नाहीये." मी खुरपी आणली. त्या जमिनीतून काय काय निघालं... लाकडी बॉबिनी, निळ्या सुताची गुंतवळ, बटणं, कुणाच्या तरी बाळाचा अर्धा खुळखुळा. खाली आपली काळी माती, चिकट, खुरपी सोडायची नाही अशी. टमाटर, पालक आणि मेथी एवढं लावायचं ठरलं. टावर चौकातला बीवाला म्हणाला, "बहनजी, पालक में क्या है, फेंक दो, उग आएगा." ताईने त्याच्या बोलण्यावर अक्षरशः विश्वास ठेवला आणि सगळं बी मूठमूठ फेकलं.

खत कुठून आणायचं? इथे तिने जी अक्कल चालवली ती फक्त उज्जैनची बाईच चालवू शकते. राम घाटावर आमच्या ओळखीचे एक पंडाजी होते. रोज घाटावर निर्माल्याचे ढीग पडतात, हार, बेल, फुलं, सगळं कुजतं. देवाला वाहिलेली फुलं, यापेक्षा चांगलं खत कुठलं, असा तिचा हिशोब. माझ्या सायकलवर चार पोती निर्माल्य आलं. तिने ते नमस्कार करून वाफ्यात गाडलं. आठ दिवसांत वाफा हिरवागार झाला. टमाटरचं बी फेकलं होतं तिथे तर इतकी दाट रोपं आली की मी थक्क झालो. मधेमधे काही वेगळी, केसाळ देठांची रोपं होती, ती तण म्हणून ताईने एकेक करून उपटली; मीही मदत केली. रोज सकाळी ती एक फांदी तोडायची आणि आतल्या खोलीत जिजाजींच्या पाठीमागे उभी राहून सांगायची, अहो, टमाटर आज एवढे झाले. बघा तरी. ते बघायचे नाहीत. पंधरा-वीस दिवस हे चाललं. ती पाठीशी बोलायची, पाठ काही बोलायची नाही.

एका सकाळी चिडून तिने ती फांदी त्यांच्या नाकाशी नेली. जिजाजींनी भिंतीकडूनच सांगितलं, "हा झेंडू आहे."

निर्माल्यातल्या हारांचं बी रुजलं होतं आणि आम्ही दोघं भाऊबहीण वीस दिवस झेंडूला पाणी घालत होतो, टमाटर उपटून फेकत होतो. ताई धावत माझ्या घरी आली. मला वाटलं, आता संपलं सगळं. दारातच खाली बसली, हसत होती की रडत होती तिचं तिलाच कळत नव्हतं. म्हणाली, ते बोलले. पुढे मी तिला खूपदा विचारलं, की तुला खरंच कळलं नव्हतं, का मुद्दाम केलंस? मला आवडलं असतं तिने मुद्दाम केलं असतं तर. ती म्हणायची, "नाही रे, मला काय माहीत पौधा कसा असतो टमाटरचा." त्या दिवशी दुपारी जिजाजी मागच्या दारापर्यंत आले. वाफा बघून म्हणाले, "मालू, तुला काही म्हणजे काही येत नाही." आणि खाली उतरले.

तिथून वाफा त्यांचा झाला. झेंडू निघाले, पालक आणि मेथीच्या नीट ओळी पाडल्या, टमाटरची रोपं नर्सरीतून आली. जिजाजी चार वाजता उठून चहा घ्यायला लागले. ताई कितीतरी दिवसांनी देवळात जाऊन आली. पण माणूस रंगखात्यातला. आलेला पालक त्यांनी मंडईतल्या पालकाच्या पानाशेजारी धरला, उजेडात नेला, आणि म्हणाले शेड हलकी आहे. मिलमध्ये शेड हलकी आली की कुंडात थोडा रंग आणखी सोडायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा सोडायचा. त्यांनी युरिया आणला, वाफा मोजून चमचे ठरवले आणि टाकला. दोन दिवसांनी शेड बघितली. आणखी टाकला. पुन्हा दोन दिवसांनी आणखी. पानाला रंग चढायला वेळ लागतो आणि तो कुंडातून चढत नाही, हे सांगणारं त्या लाइनीत कुणी नव्हतं. मी तर शाळामास्तर, मला युरिया आणि मीठ यांतला फरक कळत नाही.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा सगळा वाफा जळलेला होता. पालकाच्या कडा तपकिरी, मेथी मातीवर झोपलेली, टमाटरची पानं आत वळून वाळलेली. एक रोप उभं नव्हतं. जिजाजी पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "वसंतराव, आता माझ्या हाताला काहीच लागत नाही." अगदी शांतपणे म्हणाले. मग उठले, आत गेले, आणि खाटेचा आवाज आला. ताई स्वयंपाकघरात उभी होती. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. एवढी मेहनत, एवढे दिवस, आणि माणूस पुन्हा तिथेच, किंवा त्याहून खोल... मी काही बोलणार एवढ्यात ती मोठ्याने, अगदी शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलं. मी पण टाकत होती ते खाद. तुम्ही टाकून आत आलात की मी परत टाकायची."

आत खाट करकरली. मग जिजाजी दारात आले. किती, म्हणून विचारलं. ताई म्हणाली, जेवढं तुम्ही तेवढंच, कधी मूठभर जास्त. माझ्या बहिणीने त्या युरियाच्या डब्याला एकदाही हात लावलेला नव्हता. त्याचा वास तिला सहन व्हायचा नाही, ती त्या डब्याजवळ जायची नाही. पण जिजाजींना कुठे ठाऊक. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. अकलेचा भाग आहे की नाही, मी मोजून टाकतो आणि तू मुठीने टाकतेस, अडाणी बाई, सगळं जाळलंस! शेजारची मंडळी कुंपणापाशी आली. ताई मान खाली घालून उभी होती. जिजाजी तसेच रागारागाने वाफ्यात उतरले आणि जळालेली रोपं उपटायला लागले. नवं बी कधी पेरायचं तेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. मी निघालो तेव्हा ताई फाटकापर्यंत आली. म्हणाली, "तू एक शब्द बोललास तर माझं तोंड बघू नको."

मी बोललो नाही. चार वर्षं जिजाजी येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगत राहिले, आमच्या हिने वाफा कसा जाळला. व्याह्यांसमोर सांगितली, सुनंदाच्या बाळाच्या बारशाला सांगितली. लोक हसायचे, ताईही हसायची. मला दर वेळी उठून जावंसं वाटायचं. हा लेख पुण्याच्या अंकात येतो आहे आणि तो अंक उज्जैनला येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस करतो आहे. कुठेतरी, एकदा तरी, कुणीतरी हे लिहायला हवं होतं की माझ्या बहिणीने तो वाफा जाळला नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, मग सगळं छान झालं. नाही झालं. हिवाळ्यात जिजाजी उभे असायचे, उन्हाळा आला की वाफा सुकायचा आणि ते पुन्हा खाटेवर. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास. दर उन्हाळ्यात ताईचा एकच ध्यास, निदान एक ओळ जिवंत ठेवायची. डाळतांदळाचं धुवण, भांड्यांचं पाणी, आणि ते पुरलं नाही की हातपंपावरून बादल्या. या वर्षी मे महिन्यात मी पाहिलं, ती बादली उचलताना एका हाताने पोट दाबून धरत होती. मधेच थांबायची, फाटकाला टेकायची, पुन्हा निघायची. मी विचारलं तर म्हणाली, वात आहे. साडीत ती अर्धी झाली होती. आणि मी काय केलं? मी थट्टा केली, की ताई, लोक पैसे देऊन वजन कमी करतात, तुझं फुकटात झालं. जुलैत तिला जेवण जाईनासं झालं. मी डॉक्टरचं नाव काढलं. ती म्हणाली, डॉक्टर इंदूरला पाठवेल, इंदूरला गेले तर इथे यांच्याजवळ कोण? वेलाला तोरई लागू दे, पालक पेरून होऊ दे, ते एकदा कामाला लागले की जाऊ. मी मान डोलावली... मला तिचं म्हणणं पटलं! आम्ही सगळे त्या एका माणसाच्या जिवाकडे इतकी वर्षं नजर लावून बसलो होतो की शेजारी दुसरा जीव चालला आहे हे कुणाला दिसलं नाही. तिला फरफटत न्यायला हवं होतं. मी तिचा सख्खा भाऊ, गावात राहणारा, रोज भेटणारा. याला माफी नाही आणि मी ती मागतही नाही. पालक पेरून झाल्यावर ती इंदूरला गेली, तेव्हा पोटातली गाठ हाताला लागत होती.

त्या शनिवारी टावर चौकातून मी सायकलने क्वार्टरवर गेलो. जिजाजी वाफ्यात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली, आणि मला म्हणाले, चला. आम्ही बसने इंदूरला गेलो. राम घाटावर दहावा झाला, तेरावा झाला. सुनंदा सासरी गेली. मी शाळा सुटली की रोज तिथे जायला लागलो, ताईने बाजारात जाताना माझ्या बायकोला बसवावं तसा. जिजाजी खाटेवर पडले नाहीत. बोलतही नव्हते. एखाद्या दिवशी पडतील आणि उठणार नाहीत, या भीतीने मी सायकल हाणत जायचो आणि ते वाफ्यात दिसले की फाटकाशी थांबून आधी श्वास घ्यायचो.

परवा गेलो तेव्हा ते युरिया टाकत होते. डब्यातून एक चमचा भरला, बोटाने सपाट केला, आणि त्यातला अर्धा परत डब्यात ओतला. उरलेला पाण्यात विरघळवून ओळीला घातला. पुन्हा तसंच. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, एवढंच? जिजाजी म्हणाले, चार वर्षं ते एवढंच टाकतात. मालूला डब्याला हात लावू नको म्हणून बजावलं होतं, पण ती थोडीच ऐकणार. ते आत गेले की ती टाकणारच. म्हणून ते निम्मंच टाकायचे, निम्मं तिच्या हातचं धरून.

मग ते उकिडवे बसले. पालकाचं एक पान तोडलं, उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं.

"ती जाऊन पाच आठवडे झाले, वसंतराव," ते म्हणाले. "हा दुसरा डोस. दोन्ही अर्धे. टाकणारं कुणी नाही. शेड उतरायला पाहिजे होती ना." त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. हिरवं, गच्च हिरवं. "जरासुद्धा उतरली नाही. मग ती टाकत नव्हती का?"

सव्वीस वर्षं रंग ओळखणारा माणूस. हो, नव्हती टाकत, असं म्हटलं असतं तर माझी बहीण इतक्या वर्षांच्या आरोपातून सुटली असती. मला ते किती हवं होतं! पण त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार उघडं होतं, खाट दिसत होती.

"टाकत होती," मी म्हटलं. "जाताना मला सांगून गेली. आता मी टाकतो. मागच्या वेळी तुम्ही आत गेलात तेव्हा टाकलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. पान त्यांनी खिशात ठेवलं. डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"तुम्ही दोघं बहीणभाऊ सारखेच," ते म्हणाले. "उद्यापासून हात लावायचा नाही याला." आवाज चढला होता. मग त्यांनी बादली उचलली आणि पुढच्या ओळीला पाणी घालायला लागले.